स्लॅब भरताना सेंट्रिंग कोसळतं ते नेमकं कशामुळं? आमचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे

कोयनाकाठ
मंडळी, गावाकडं (कराड तालुका) घराचं काम चालू आहे, तळमजलाच आहे, साधारण हजार स्क्वेअर फूट, पाच इंची स्लॅब आणि पुढं पोर्च, त्याची उंची जरा जास्त घेतलीय, पंधरा फुटाच्या आसपास. सगळं व्यवस्थित चाललं होतं पण मागच्या महिन्यात शेजारच्या गावात एका बंगल्याच्या पोर्चचा स्लॅब भरता भरता सेंट्रिंग (ओलं काँक्रीट धरून ठेवणारा प्लेटा आणि टेकूंचा तात्पुरता सांगाडा) बसलं आणि वरची माणसं, व्हायब्रेटर, ओलं काँक्रीट सगळं एकदम खाली. दोघांचे पाय मोडले आणि खाली जो सेंट्रिंगवाला उभा होता त्याच्या मणक्याला मार लागलाय, अजून दवाखान्यातच आहे असं ऐकलं.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणतो त्यांनी बल्ल्या (लाकडी टेकू) वापरल्या, आपण लोखंडी जॅक लावतोय, तुम्ही निवांत राहा. इंजिनिअरसाहेबांनी नकाशा दिला, पायाच्या वेळी एकदा आले, त्यानंतर फोनवरच. आता मला त्यातलं काही कळत नाही पण माझ्या घरासाठी कुणाचा जीव जावा असं तर वाटत नाही ना. तर दोन गोष्टी विचारायच्या होत्या, एक म्हणजे स्लॅब भरायच्या आधी मी स्वतः काय बघू शकतो, आणि दुसरं म्हणजे देव न करो पण काही झालंच तर जबाबदारी कुणाची, माझी का कॉन्ट्रॅक्टरची?

नाशिकचा साइटवाला
बल्ली का जॅक हा मुद्दाच नाहीये दादा. जॅक लावूनही पडतात आणि बल्ल्यांवर आजवर लाखो घरं उभी राहिलीत.

आधी वजन समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. पाच इंची स्लॅबचं नुसतं काँक्रीट एका स्क्वेअर फुटाला तीस किलोच्या आसपास येतं, म्हणजे तुमच्या हजार फुटांचं झालं जवळपास तीस टन, बीमचं वेगळं. त्यात प्लेटा, सळई, वर फिरणारी माणसं धरली तर फुटाला पन्नास किलो धरून चाला. आणि हे काँक्रीट जोवर ओलं आहे तोवर त्याला स्वतःची काडीची ताकद नाही, सगळं ओझं टेकूंवर. आता जॅक तीन-तीन फुटांवर असतील तर एका जॅकवर नऊ स्क्वेअर फूट येतात, साडेचारशे किलो. तेच पाच-पाच फुटांवर लावले की पंचवीस फूट, साडेबाराशे किलो. अंतर पावणेदोन पटही वाढलं नाही पण ओझं पावणेतीन पटीवर गेलं, आणि कॉन्ट्रॅक्टर सांगताना म्हणणार की थोडेसे लांब लावलेत.

दुसरं उंची. टेकू चिरडून मोडत नाही, तो वाकून जातो, आणि वाकण्याच्या बाबतीत लांबी दुप्पट झाली की ताकद चौथाईवर येते. तुमचा पोर्च पंधरा फूट आणि घर दहा फूट, म्हणजे तोच जॅक पोर्चखाली निम्म्याहून कमी वजन घेणार. शेजारच्या गावात पोर्चच पडला यात मला काही आश्चर्य वाटलं नाही, बातम्या बघा, पोर्च, मंदिराचे सभामंडप, कमानी, शाळेचे हॉल, उंच आणि आत भिंत नसलेल्या जागाच जास्त येतात. उपाय साधा आहे, मधल्या उंचीवर दोन्ही दिशांनी आडव्या पट्ट्या घट्ट बांधायच्या म्हणजे टेकूची मोकळी लांबी अर्धी होते, आणि शिवाय तिरक्या पट्ट्या, ज्याला आपल्याकडं कैची मारणं म्हणतात. कैची नसेल तर पूर्ण सांगाडा एका बाजूला झोपतो, कितीही जॅक लावा.

तिसरं जमीन. जोत्यात मुरूम भरलाय, त्यावर पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, झालंय का? नसेल आणि मध्ये पाऊस झाला असेल तर जॅकच्या चार इंची पत्र्याखाली मुरूम दबतो. खाली रुंद फळी पाहिजे. विटांवर विटा रचून त्यावर जॅक ठेवलेला दिसला तर तिथंच काम थांबवा, हे मी अगदी ठामपणे सांगतोय.

आयएस १४६८७ म्हणून १९९९ चं एक स्टँडर्ड आहे फक्त या टेकू-सांगाड्यासाठीच, पण छोट्या साइटवर ते कुणी उघडलेलं मी तरी पाहिलं नाही. नकाशात सळई किती ते असतं, जॅक किती ते नसतं. इंजिनिअर म्हणतो ते कॉन्ट्रॅक्टरचं काम, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सेंट्रिंगवाल्याचं, आणि सेंट्रिंगवाल्याला स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात. असं हे बेवारशी काम आहे.

मोठ्या साइटवर सगळं बरोबर असतं असंही समजू नका. पुण्यात बालेवाडीला २९ जुलै २०१६ ला उंच इमारतीवर वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना तो कोसळला, ९ कामगार गेले. उत्तर प्रदेशात कनौज रेल्वे स्टेशनला ११ जानेवारी २०२५ ला नव्या इमारतीचं छत भरताना शटरिंग, म्हणजे सेंट्रिंगच, खाली आलं, दोन डझनाहून जास्त मजूर अडकले होते, नशीब की सगळे जिवंत निघाले. दोन्हीकडं काम भरात असतानाच झालं, कारण सांगाड्याची पहिली खरी परीक्षा त्याच दिवशी असते, आधी काही तपासणी होतच नाही.

सेंट्रिंगवाल्याचा पोरगा
वरच्या साहेबांनी स्क्वेअर फुटाचं बोललेत ते बरोबर आहे म्हणून थोडं लिहितो. आमचे वडील तीस वर्षं हेच काम करत होते, आता मी प्लेटा-जॅक भाड्यानं देतो. रेट ठरलेला असतो, जॅकचं भाडं दिवसावर चालतं, मग टोळीवाला कमी जॅकमध्ये काम बसवतो आणि लवकर काढून दुसऱ्या साइटवर नेतो, यात वाईटपणा नाही हो, पोट आहे. मालक तीन कोटेशन घेतो आणि सगळ्यात कमीवाल्याला काम देतो, मग जॅक कुठून जास्त येणार सांगा.

आता तुम्ही बघायचं काय ते सांगतो, ह्याला इंजिनिअर लागत नाही. जॅकच्या आतल्या नळीत जी पिन असते ती पाहिजे, बऱ्याच ठिकाणी पिन हरवलेली असते आणि सळईचा तुकडा घातलेला असतो, बारीक सळई असली की ओझ्यानं वाकते. वाकलेला जॅक सरळ परत पाठवा, गंजून भोक पडलेला पण. बल्ली असेल तर जोडलेली नको, म्हणजे दोन बल्ल्या खिळा-तारेनं जोडून उंची काढलेली, पोर्चला हमखास हेच करतात. पाचर दोन्ही बाजूंनी ठोकलेली आणि खिळा मारलेली पाहिजे नाहीतर व्हायब्रेटर चालू झाला की हळूहळू निसटते. प्रत्येक जॅकला हातानं हलवून बघा, जो हलतो तो वजन घेत नाहीये म्हणजे शेजारचा दोघांचं घेणार आहे. आणि मिक्सरची लिफ्ट असेल तर तिचा सांगाडा आपल्या सेंट्रिंगला बांधू देऊ नका, त्याला वेगळा आधार करायला लावा, ती वरखाली होताना प्रत्येक फेरीला हिसका देते.

आता खरं सांगायचं ते हे. पडतं तेव्हा वरच्यांना मार लागतोच, पण सगळ्यात वाईट लागतं खालच्याला. आमच्याकडं पद्धतच आहे की स्लॅब चालू असताना एक जण खाली पाहिजे, घण घेऊन, कुठं बसायला लागलं की पाचर ठोकायला. वडलांनी आयुष्यभर ते केलं. मी आमच्या पोरांना ते करू देत नाही. कुठं बसायला लागलं की वरचं काम थांबवायचं, माणसं उतरवायची, खाली कुणी जायचं नाही. गेलं तर काँक्रीट गेलं.

बिनधास्त_बोल
एवढं बघत बसलं तर घर होणार नाही भाऊ. आमच्या गावात पन्नास वर्षं बल्ल्यांवर स्लॅब भरतायत, एक पण कोसळला नाही. नशिबात असेल ते होतं. नारळ फोडा, टोळीला मटण घाला आणि मोकळे व्हा.

नाशिकचा साइटवाला
मटण घालाच, त्याला कुणाचा विरोध नाही 😄 पण पन्नास वर्षांपूर्वीचा स्लॅब दहा बाय दहाच्या खोलीवर होता, चारी बाजूला भिंती, काँक्रीट घमेल्यानं हातोहात यायचं म्हणजे आपोआप पसरून पडायचं. आता मोकळा हॉल, वीस फुटी स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), पंधरा फुटी पोर्च आणि आरएमसीचा, म्हणजे गाडीतून येणाऱ्या तयार काँक्रीटचा, बूम पंप. पंपवाला घाईत असतो, पाइप एका जागी धरून ढीग करतो आणि पोरं फावड्यानं ओढत बसतात. फूटभर उंच ढीग झाला तर तेवढ्याच जागेत स्लॅबच्या दुपटीपेक्षा जास्त वजन झालं की नाही, हिशोब करा. त्यामुळं जुन्या अनुभवावर जाऊन उपयोग नाही, सेंट्रिंग जुन्या पद्धतीचं आणि काँक्रीट टाकायची पद्धत नवी अशी सरमिसळ झालीय.

सेंट्रिंगवाल्याच्या पोराचा खालच्या माणसाबद्दलचा मुद्दा सोन्यासारखा आहे. खाली माणूस न ठेवता लक्ष कसं ठेवायचं तर बीमच्या तळाला आणि पोर्चच्या मध्यावर ओळंबे सोडायचे, जमिनीत खुंटी मारून ओळंब्याच्या टोकाशी खूण करायची, आणि बाहेरून, कडेला उभं राहून बघायचं. ओळंबा खुणेच्या खाली उतरला किंवा बाजूला सरकला की शिट्टी. चार ओळंबे आणि एक शिट्टी, खर्च काहीच नाही. ज्याच्याकडं शिट्टी आहे त्याला काम थांबवायचा अधिकार आहे हे सकाळीच सगळ्यांसमोर सांगा, नाहीतर शिट्टी वाजली तरी मुकादम म्हणतो अरे एवढी गाडी रिकामी करू मग बघू.

ओपीडीतली ताई
मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, असे पेशंट आमच्याकडं येतात म्हणून लिहिते. दादा, पडू नये म्हणून तुम्ही बघताय ते फार चांगलं, पण पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात लोक जे करतात त्यानं पण नुकसान होतं.

घाबरून सगळे खाली घुसतात. अर्धवट लटकलेलं सेंट्रिंग परत पडतं आणि वाचवायला गेलेले सापडतात. आधी १०८ आणि ११२ ला फोन, मग उरलेला भाग कुठं लटकतोय ते बघायचं आणि त्याला आधार दिल्याशिवाय खाली जायचं नाही. वरची माणसं मोजा, खालची मोजा, सकाळी कुणाची नावं लिहिलेलीच नसतात, मग कोण राहिलंय तेच कळत नाही. जेसीबी एकदम घालू नका, एका बाजूनं उचललं की दुसऱ्या बाजूला माणूस दाबला जातो. हातानं, घमेल्यानं काढा, काँक्रीट काही तास तरी मऊ असतं, पण उशीर झाला तर घट्ट होतं म्हणून तोंड-नाक आधी मोकळं करायचं, छातीवरचं नंतर लगेच, कारण छातीवर वजन असलं की माणूस श्वासच घेऊ शकत नाही, जखम नसली तरी जातो.

जो उंचावरून पडलाय त्याला हातपाय धरून उचलून जीपमध्ये टाकू नका. मान आणि पाठ सरळ ठेवून, फळीवर सरकवून, चार-पाच जणांनी एकदम. आम्ही पाहिलंय की मणका मोडलेला पेशंट जागेवर पाय हलवत होता आणि दवाखान्यात येईपर्यंत हलेना.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती आहे. कुणाचा पाय किंवा मांडी बराच वेळ, तासभर किंवा जास्त, वजनाखाली दाबलेली असेल तर तो बोलत असतो, चांगला दिसतो, आणि वजन काढल्यावर काही वेळात कोसळतो. दाबलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम आणि बाकीची घाण एकदम रक्तात येते, हृदय बंद पडू शकतं, नंतर किडन्या जातात. म्हणून अशा माणसाला मोकळं करायच्या आधी शक्य असेल तर डॉक्टर किंवा १०८ वाले तिथं पाहिजेत, सलाइन आधी चालू करतात. दवाखान्यात पोचल्यावर किती वेळ दबला होता ते सांगाच, नातेवाईक ते सांगत नाहीत आणि डॉक्टर नुसतं फ्रॅक्चर बघत बसतात.

ओलं काँक्रीट अंगावर असेल तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं असेल तर डोळे पण धुत राहा. सिमेंट अंग भाजतं, सुरुवातीला दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही.

तालुका कोर्टातला
जबाबदारीचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गुन्हा आणि भरपाई.

गुन्हा निष्काळजीपणा कुणाचा त्यावर ठरतो. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, मृत्यू झाला तर कलम १०६, जखमी झाले तर १२५, आणि बांधकाम पाडताना, दुरुस्त करताना किंवा उभारताना हलगर्जी केली तर वेगळं कलम २९० आहे. साधारण कॉन्ट्रॅक्टर आणि सुपरवायझरचं नाव आधी येतं. पण मालकानं स्वतः सांगितलं की जॅक कमी करा, पैसे वाचवा, आणि ते साक्षीत आलं, तर मालक पण आरोपी होतो.

भरपाई ही चूक कुणाची यावर नसून कामावर असताना इजा झाली का यावर असते. आधी कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, हिशोबाची पद्धत तीच, मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले कायद्यातल्या तक्त्यात त्या वयाला दिलेला आकडा, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर साठ टक्के. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे, पगार पंधरा हजार धरला तर मृत्यूची भरपाई साडेपंधरा लाखांच्या वर जाते. ही रक्कम द्यायची कुणी? कॉन्ट्रॅक्टर खरोखर कॉन्ट्रॅक्टर असेल, मजुरी तो देत असेल, तर त्यानं. स्वतःचं राहतं घर बांधणं हा काही तुमचा धंदा नाही म्हणून मुख्य मालक (प्रिन्सिपल एम्प्लॉयर) म्हणून तुमच्यापर्यंत येणं अवघड असतं. पण बरेच जण मटेरियल स्वतः आणतात आणि गवंडी-मजूर रोजावर लावतात, तिथं कॉन्ट्रॅक्टर नुसता नावाला, मग मजुरांचे मालक म्हणजे तुम्हीच. म्हणून साध्या स्टॅम्प पेपरवर का होईना करार करा, त्यात मजूर त्याचे आणि विमा त्यानं काढायचा असं लिहा आणि विम्याची पॉलिसी डोळ्यानं बघा. कामगार भरपाईचा विमा एका कामापुरता पण निघतो, घराच्या खर्चाच्या मानानं फार नसतो.

आणि मजुरांची बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणी आहे का ते विचारा. वय १८ ते ६०, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसाला पाच लाख आहेत. लोक तिथं भांड्यांच्या सेटसाठी नोंदणी करतात आणि ज्याला खरी गरज असते त्याचं नूतनीकरण राहिलेलं असतं.

कोयनाकाठ
सगळ्यांचे लई आभार. आज सकाळी साइटवर जाऊन जॅक हलवून बघितले, आतल्या खोल्यांत ठीक होते पण पोर्चखाली सहा जॅक सैल, दोन ठिकाणी पिनेऐवजी सळई, आणि कैची एक पण नाही. खाली फळी आहे पण मुरूम मागच्या पावसात बसलेला दिसतोय. कॉन्ट्रॅक्टर आधी चिडला, म्हणाला मोबाइलवर वाचून मला शिकवताय का. मग मी म्हटलं जॅकचं जादा भाडं मी देतो आणि स्लॅब चार दिवस पुढं ढकलू, तेव्हा गाडी रुळावर आली. इंजिनिअरसाहेबांना पण गाडी पाठवून आणायचं ठरवलंय, स्लॅबच्या आदल्या दिवशी. करारात विम्याचं घालायला तयार झालाय पण पॉलिसी अजून दाखवली नाही, दाखवल्याशिवाय गाड्या बोलवणार नाही.

एकच राहिलं, तो म्हणतो सात दिवसांनी सगळं सेंट्रिंग काढणार कारण प्लेटा दुसरीकडं द्यायच्यात. चालेल का?

नाशिकचा साइटवाला
सगळं नाही चालणार. आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय स्टँडर्ड) मध्ये साधं आहे, स्लॅबचा स्पॅन साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस, त्यावर असेल तर चौदा. बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा दिवस, त्यावर एकवीस. हे साध्या सिमेंटचे आणि थंडी नसतानाचे आकडे आहेत, तुमचं सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं) असणार, थंडी पण चालू आहे, मग वर आणखी दिवस द्या, किती ते इंजिनिअरला विचारा. म्हणजे लहान खोल्यांच्या प्लेटा त्याला आधी देता येतील, पण हॉल, बीम आणि पोर्चचे जॅक राहू द्या. त्याला भाड्याचाच प्रश्न असेल तर तेवढ्या जॅकचं भाडं तुम्ही धरा.

लवकर काढण्याबद्दल आम्हाला कॉलेजात अमेरिकेतलं एक उदाहरण होतं, व्हर्जिनियात १९७३ च्या मार्चमध्ये एका उंच इमारतीचा चोविसावा मजला भरत होते आणि तेविसाव्याखालचे टेकू काढून घेतले होते, थंडीत काँक्रीट अजून पुरतं धरलं नव्हतं, १४ कामगार गेले. तुम्ही पुढं कधी वरचा मजला चढवलात तर हे लक्षात ठेवा, वरचा भरताना खालच्याला परत टेकू द्यावे लागतात.

सेंट्रिंगवाल्याचा पोरगा
काढताना पण माणसं जखमी होतात बरं का, पहार घालून प्लेटा पाडतात आणि खाली चपलेवर पोरं उभी. पोर्च पुढं बाहेर लटकता असेल, म्हणजे पुढं खांब नसतील, तर काढायची सुरुवात पुढच्या मोकळ्या टोकाकडून आणि घराच्या भिंतीकडं येत. खांब असतील तर मधून सुरू करून दोन्हीकडं. उलटं केलं तर जिथं सळई नाही तिथं ताण येतो. आणि लटकता असेल तर भरायच्या आधी मुख्य सळई वरच्या बाजूला आहे का ते इंजिनिअरला दाखवा, आमच्यातली पोरं वर चालून चालून ती खाली दाबतात.

पोर्चला पुढं खांब आहेत का नाहीत ते सांगितलं नाही तुम्ही.

कोयनाकाठ
दोन खांब आहेत पुढं, पण खांबाच्या पुढं अजून चार फूट लटकतं आहे. फोटो टाकतो संध्याकाळी.